दहा नंबरचा रस्ता ओलांडताना

बोगोता, ११ फेब्रुवारी २०२४

दादा,

पत्ता ओदिलियाने दिला. "लिही, पण मी दिला असं सांगू नकोस," अशी तिची अट होती आणि बघ, पहिल्याच ओळीत मी ती मोडली. तेव्हा अठ्ठावीस वर्षांत एलिसेओ सुधारला असेल, अशा समजुतीने पुढे वाचू नकोस. आपल्या बहिणीवर मात्र रागावू नकोस. तिने पत्ता द्यायला चार वर्षं लावली.

पत्र कामाचं आहे. मी नगरपालिकेच्या रस्ते-खात्यात आहे, सव्वीस वर्षं झाली. इथे टाय लावला की कोणालाही डॉक्टर म्हणतात, तसं मलाही म्हणतात. प्रत्यक्षात मी माणसं मोजतो. कोपऱ्यावर उभं राहायचं, किती जण इकडून तिकडे गेले, किती सायकली, किती बस, याच्या कागदावर रेघा मारायच्या आणि तो कागद शिकलेल्या लोकांच्या हातात द्यायचा. ते त्यावरून रस्ते आखतात.

आता आपला दहा नंबरचा रस्ता नव्याने बांधायचा आहे. आपला म्हणजे सतराव्या गल्लीच्या तोंडाशी, जिथे तू हिरव्या छत्रीखाली टाइपरायटर घेऊन बसायचास तिथला. गाड्यांच्या सहा रांगांपैकी तीन जाणार. मध्ये बस, तिच्या कडेला सायकलची पट्टी आणि दोन्ही बाजूंना एवढा रुंद फुटपाथ की तुझ्यासारखे दहा टंकलेखक छत्र्या उघडून बसतील. दुकानदारांनी आतापासूनच बोंब ठोकली आहे, गाड्या गेल्या तर गिऱ्हाईक जाईल म्हणून. त्यांच्या दारात गाडीतून किती जण उतरतात ते मी आठवडाभर मोजलं. शंभरात चार.

तू त्या कोपऱ्यावर बारा वर्षं काढलीस, म्हणून विचारतो. लोक नेमके कुठून ओलांडायचे? म्हाताऱ्या बसची वाट बघत कुठे टेकायच्या? हे नकाशावर दिसत नाही, आणि माझ्या रेघांवरूनही कळत नाही.

त्या दिवसाबद्दल एवढंच. माझ्या तोंडाला पांढरा रंग फासलेला होता आणि तो घामाने डोळ्यांत उतरत होता. आम्हा मूकनटांना नगरपालिकेने रस्त्यावर सोडलं होतं ते त्याच कामासाठी. नियम मोडून रस्ता ओलांडणाऱ्याच्या मागे लागायचं, त्याची नक्कल करायची, लोकांना हसवायचं, म्हणजे दंड न भरता माणूस शिकतो. मी तुझ्या पाठीमागून आलो. पाठीमागून सगळे सारखेच दिसतात. तो तू आहेस हे मला कळलं नाही.

जमलं तर रस्त्याबद्दल लिही.

तुझा धाकटा,
एलिसेओ


बोगोता, ३ मार्च

दादा,

ओंदाला टपाल चार दिवसांत पोचतं, हे मी खिडकीवर दोनदा विचारून आलो. म्हणजे तुला पत्र मिळालं आहे.

कोपऱ्याची हकिकत सांगतो. टंकलेखकांपैकी आता एकच बाई उरली आहे. तीही टाइपरायटर मांडून ठेवते आणि काम फोनवर करते. कागदपत्रांच्या प्रती काढणाऱ्याचं दुकान आहे तसंच आहे. बूट पॉलिश करणारा चेपे अजून त्याच खांबाला टेकून बसतो, दात तेवढे कमी झाले आहेत. मी रेघा मारत उभा होतो तेव्हा त्याने माझे बूट धरले आणि सोडेनाच. बोलता बोलता मी तुझं नाव काढलं.

"डॉन लिसांद्रो!" म्हणाला, तोच जुना मान देऊन. "सोन्यासारखा माणूस. माझ्या मुलीच्या दवाखान्याचा अर्ज त्यानेच केला. आणि आम्ही त्याला काय दिलं, तर त्रास."

"कसला त्रास?"

"अहो, त्या मूकनटांच्या वेळची गोष्ट. एका पोराने सावलीसारखं मागे लागून डॉन लिसांद्रोच्या लंगडण्याची अशी नक्कल केली की अख्खा कोपरा पोट धरून हसला. दुसऱ्या दिवसापासून आमचा खेळच झाला. सकाळी तो छत्री उघडतोय तोच मी ओरडायचो, 'डॉन लिसांद्रो, आज सावली घरी ठेवली का?' मग पेपरवाला, मग फळवाली. रोज. तो कागद चढवून टाइप करायला लागायचा. चाळीसेक दिवस गेले असतील, आणि एके दिवशी छत्रीच उघडली नाही." मग त्याने ब्रश खाली ठेवून विचारलं, "तुम्ही त्याचे कोण?"

मी म्हणालो, "ओळख आहे."

हे चाळीस दिवस मला माहीत नव्हते. मला इतकी वर्षं वाटत होतं की तू एका दुपारमुळे गेलास. आपण एका खोलीत राहत होतो, सकाळी तू माझ्यासाठी अंड्याचं सूप करून मग टाइपरायटर उचलायचास, आणि कुठे जातोस, काय ऐकतोस, याचा मला पत्ता नव्हता. चेपे मला ओळखत नाही यातही त्याची चूक नाही. तू बारा वर्षं तिथे बसलास, मी एकदाही त्या कोपऱ्यावर तुला भेटायला आलो नव्हतो. तू एकदा विचारलं होतंस, मी म्हणालो होतो की लांब पडतं. लांब पडत नव्हतं.

मागच्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करतो. रस्त्याच्या मध्यावर पोचेपर्यंत मला कळलं होतं. तू मध्येच थांबलास तेव्हा नक्की कळलं. पण तोवर लोक हसायला लागले होते, आणि हसणाऱ्या लोकांसमोर नट थांबत नाही. ही सबब आहे, मला कळतं.

कामाचं: सिग्नलचा घोळ आहे. ओलांडायला हिरवा माणूस बावीस सेकंद ठेवणार आहेत. पुस्तकात म्हणे लिहिलंय की माणूस सेकंदाला एक मीटर वीस सेंटीमीटर चालतो. कुठला माणूस, ते पुस्तकात नाही. मी नव्या इंजिनिअर मुलीला, यिसेलला, हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "मग बैठकीत बोला ना, डॉक्टर एलिसेओ. इथे बोळात सगळेच शूर असतात." बोलेन म्हणालो आहे.

एलिसेओ


बोगोता, २० मार्च

दादा,

बैठक झाली. जे झालं ते तुला न सांगता ठेवलं तर पुन्हा तेच होईल, म्हणून लिहितो.

डॉक्टर सानाब्रिया आमचे साहेब. माणूस वाईट नाही, घाईचा आहे. त्यांना बस वेळेवर पळवायच्या आहेत, आणि पायी चालणाऱ्याला दिलेला प्रत्येक सेकंद बसच्या वेळेतून जातो. मी म्हणालो की बावीस सेकंदांत सगळे पोचणार नाहीत, निदान पस्तीस-चाळीस हवेत. ते हसले.

"एवढं सावकाश कोण चालतं हो? आमच्याकडे प्रेतयात्रासुद्धा याहून लवकर जाते."

सगळे हसले. आणि मला काय झालं कोण जाणे. आमच्या कचेरीचा बोळ सव्वीस मीटर आहे, रस्ता जेवढा होणार आहे बरोबर तेवढाच. ते मला माहीत आहे, कारण तो मीच मोजला आहे. मी यिसेलला म्हणालो, "घड्याळ लाव," आणि बोळाच्या टोकाला जाऊन तुझ्यासारखा चालत आलो.

दादा, माझ्या अंगात ती चाल जशीच्या तशी आहे. अठ्ठावीस वर्षांत मी ती एकदाही केली नव्हती. आधी डावा पाय, मग उजवा खुब्यापासून वळसा घेऊन, टाच आधी टेकवायची, उजवा हात मांडीवर, खांदा खाली. आपल्या गावच्या हाड बसवणाऱ्याने तुझा खुबा जसा वाकडा बसवला तसा माझा सरळ खुबा मी वाकडा करून चाललो. खोल्याखोल्यांतून लोक बाहेर आले. हसू लागले. हिशेब-खात्यातल्या बाई म्हणाल्या, "काय ॲक्टिंग करता हो, डॉक्टर!" एकाने टाळी वाजवली. मला तेव्हाही टाळी पडली होती.

अडतीस सेकंद लागले.

यिसेल हसली नव्हती. तिने विचारलं, "ही चाल कोणाची आहे?"

तोंडात तुझं नाव होतं. मी म्हणालो, "एका ओळखीच्याची."

चेपेला म्हणालो ते एक, हे दुसरं. मी माझ्या जागेवर जाऊन बसलो आणि बराच वेळ कागदावर नुसत्याच रेघा मारत राहिलो. पन्नाशीला आलेला माणूस, केस पिकलेला, आणि अजून भावाचं नाव घ्यायची लाज वाटते. तेव्हा तुझी वाटायची. आता स्वतःची वाटते. जीभ मात्र त्याच जागी अडते.

सानाब्रिया म्हणाले, "एका ओळखीच्याच्या चालीवर शहर बांधता येत नाही. नाव हवं, वय हवं, त्याची परवानगी हवी. त्याचा फॉर्म असतो." २१ एप्रिलच्या रविवारी सकाळी गाड्या बंद असताना रस्त्यावर रंग मारून, कुंड्या मांडून नवा आराखडा जमिनीवर करून बघणार आहेत. तेव्हा फॉर्मसकट चालून दाखवा, म्हणाले. नाहीतर बावीस सेकंद कायम, आणि एकदा सिमेंट पडलं की कोणी बदलत नाही, हे तुला सांगायला नको.

म्हणजे मला तुझी परवानगी हवी आहे. पण ती मागण्याआधी तुला आणखी काही सांगायचं आहे, आणि ते आज होत नाही. दोन पानं लिहून फाडली.

एलिसेओ


बोगोता, २ एप्रिल

दादा,

मी तुला आधीच ओळखलं होतं.

मध्यावर नव्हे, मागून येताना नव्हे. तू समोरच्या फुटपाथवर सिग्नलची वाट बघत उभा होतास तेव्हाच. तपकिरी हॅट, काखेत कागदाचा पुडा. मी या बाजूला खांबाला टेकून होतो. त्या कोपऱ्यावरचा तो माझा पहिला दिवस होता.

त्या सकाळी आम्ही तोंडं रंगवत होतो तेव्हा मौरिसियो, आमच्यातला सगळ्यांत पटाईत, म्हणाला होता, "दहाच्या कोपऱ्यावर एक लंगडा टंकलेखक बसतो. त्याची चाल ज्याला जमली तो खरा नट." सगळे हसले. मीही हसलो. त्याने मला विचारलं, "तू त्याच भागातला ना? ओळखतोस का त्याला?" मी म्हणालो, नाही. मग दिवसभर मला एकच धास्ती होती, की तू येशील आणि सगळ्यांसमोर मला हाक मारशील. आणि तू आलास.

हाक मारायच्या आत मी तुझ्या मागे गेलो. ज्याची नक्कल करतो तो आपला कोणी नसतो, असं लोकांना वाटतं. त्यांना तेच वाटावं, एवढंच मला हवं होतं.

अजून एक आहे, आणि हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आम्हाला ताकीद होती: नियम मोडणाऱ्याच्याच मागे लागा, दुसऱ्या कोणाच्या नाही. तू नियम मोडला नव्हतास. हिरवा माणूस लागला तेव्हाच तू पाय खाली टाकलास, मी बघत होतो. तू अर्ध्यावर पोचायच्या आत तांबडा लागला. लोकांनी बघितलं तेव्हा तांबडा होता आणि रस्त्यात एक लंगडा होता, म्हणून त्यांना वाटलं, हाच तो नियम मोडणारा. हिरव्यावर निघालेल्याला हिरवा पुरला नाही, हे त्या अख्ख्या रस्त्यावर फक्त मला माहीत होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. पण मूकनटाला तोंड उघडायचं नसतं, आणि त्या नियमामागे मी लपलो.

मध्ये तू थांबलास. मीही तुझ्या मागे थांबलो, हात मांडीवर ठेवून, खांदा पाडून. तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. लोक इतके हसत होते की बसमधली माणसं खिडकीतून डोकावली. लाजेने तुझा पाय तिथे अडकला, हलेचना, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी बायकोलाही हे सांगितलं नाही. तिला वाटतं आपलं जमिनीवरून बिनसलं.

तू रस्ता कशाला ओलांडत होतास ते मला संध्याकाळी घरी कळलं. टेबलावर पुडा होता, आत चीजचे दोन गोल पाव, आल्मोहाबाना, काखेत दाबून चपटे झालेले. पहिल्या दिवशी मला भूक लागेल म्हणून तू आणत होतास. तू सूप वाढलंस, माझं ताट पुढे केलंस आणि म्हणालास, "रंग कानामागे राहिलाय, धुऊन घे." त्यानंतर तू निघून जाईपर्यंत आपण बोललो ते मीठ दे, दार लाव, एवढंच.

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात. मी ते भर रस्त्यात मोजून लोकांना हसवलं. आठ वर्षांचा होतो तेव्हा मला हाताला धरून गावाहून आणलंस, चौदा वर्षं सांभाळलंस, पायातले ते काळे बूटसुद्धा तूच घेऊन दिले होतेस.

आता परवानगी मागतो. २१ तारखेला मला तुझी चाल चालू दे. नको म्हणालास तर चालणार नाही. काहीच बोलला नाहीस तरी चालणार नाही. मग बावीस सेकंद राहतील आणि त्या कोपऱ्यावरची प्रत्येक म्हातारी अर्ध्या रस्त्यात तांबड्यात सापडेल. हे दडपण आणायला लिहीत नाही. नाही, आणायलाच लिहितो आहे. निदान हे तरी खरं लिहू दे.

एलिसेओ


ओंदा, १२ एप्रिल २०२४

एलिसेओ,

चारही पत्रं मिळाली. उत्तर द्यायचं नव्हतं. पण चुकीचं मोजमाप फॉर्मवर चढणार असेल तर मला गप्प बसवत नाही. सगळा जन्म लोकांचे अर्ज तपासण्यात गेला.

अडतीस सेकंद चूक आहे. मी मध्ये थांबतो. वीसेक पावलं गेली की खुबा अडकतो. मग डाव्या पायावर भार देऊन उभं राहायचं आणि मनात अकरा म्हणायचे. अकराला सुटतो. घाईने दहाला निघालो तर पडतो, दोनदा पडलो आहे. हे तुला माहीत नाही याचं मला नवल वाटलं. तुला शाळेत सोडायला यायचो तेव्हा रोज त्या पुलाजवळ थांबायचो. तुला वाटायचं मी ट्रक बघायला थांबतो, आणि तू मला ट्रकांच्या कंपन्यांची नावं सांगायचास. अकरा म्हणेपर्यंत तुझी चार-पाच नावं व्हायची.

त्या दिवशीही खुबा अडकला म्हणून थांबलो. लाजेने थांबलो असं तू लिहितोस. स्वतःला एवढा मोठा नट समजू नकोस.

ओळखायचं म्हणशील तर मीही तुला आधीच ओळखलं होतं, बुटांवरून. सगळे मूकनट पांढऱ्या कापडी बुटांत होते, तू एकटाच काळ्या. तू खांब सोडून माझ्याकडे यायला निघालास तेव्हा तांबडा लागला होता, आणि मला वाटलं तू हात द्यायला येतो आहेस. म्हणून मी घाबरलो नाही.

मग लोक हसले आणि मी मान वळवली. तेव्हा माझे सहा म्हणून झाले होते. पुढचे पाच म्हटल्याशिवाय निघता येत नव्हतं, म्हणून म्हटले.

चेपेने चाळीस दिवस सांगितले. बेचाळीस होते.

परवानगी आहे. फॉर्मवर नाव नीट लिही. लिसांद्रो मोयानो. वय चौसष्ट. धंदा टंकलेखक, अजूनही. ओळखीचा असं कुठेही लिहू नकोस.

तुझ्या पहिल्या पत्रातल्या प्रश्नांची उत्तरं. लोक झेब्रा-पट्ट्यांवरून ओलांडत नसत, औषधाच्या दुकानासमोरून ओलांडत, कारण तिथे दुपारी सावली असते. म्हाताऱ्या बँकेच्या दुसऱ्या पायरीवर बसायच्या. पहिली ओली असायची. बाक ठेवणार असाल तर तिथे ठेवा, आणि त्याला हात टेकायला कठडा हवा, नाहीतर बसलेलं माणूस उठत नाही.

चार पत्रांत तू माफी मागितली नाहीस, हे बरं केलंस. त्यावर मला काही टाइप करायचं नाही. आधी मोजमाप नीट करा.

आणि मध्ये थांबशील तेव्हा चेहरा करू नकोस. मी चेहरा करत नाही.

लिसांद्रो


बोगोता, २२ एप्रिल

दादा,

निकाल आधी सांगतो, तुला मोजमापाची काळजी. थांबण्यासकट एकोणपन्नास सेकंद. सानाब्रियांनी डोक्याला हात लावला. एवढा वेळ बस रोखता येणार नाही, म्हणाले. मग यिसेलने त्यांच्या नकाशावर रस्त्याच्या मधोमध एक चौकोन काढला. तिथे ओटा बांधायचा, दोन मीटर रुंद, कठड्यासकट. अर्धा रस्ता एका हिरव्यात, मग ओट्यावर हवं तितकं थांबायचं, उरलेला अर्धा पुढच्या हिरव्यात. हिरवा माणूस तीस सेकंद. ओलांडायची जागा औषधाच्या दुकानासमोर सरकवली. बँकेजवळच्या बाकाला कठडा मंजूर झाला, पण बाक एकच. सानाब्रियांनी कागदावर सही केली आहे आणि त्याची प्रत मी घरी आणून ठेवली आहे, कारण कचेरीत कागद हरवतात.

आता बाकीचं.

काल सकाळी रस्ता मोकळा होता. सायकलवाल्या पोरी, लोकरी शाल पांघरलेले म्हातारे, कुत्री. जमिनीवर पिवळ्या रंगाने सगळा आराखडा काढला होता, मध्ये चार कुंड्या. दुकानदार दारात हाताची घडी घालून उभे. चेपे पेटी घेऊन खांबाशी.

यिसेल फॉर्म घेऊन आली. "चालणाऱ्याचं नाव?"

मी सांगितलं. वय सांगितलं, धंदा सांगितला. तिने लिहिलं आणि विचारलं, "हेच ते तुमच्या ओळखीचे?"

"माझा थोरला भाऊ," मी म्हणालो. आवाज मोठा निघाला. चेपेने वर बघितलं.

"डॉन लिसांद्रो तुझा भाऊ?" म्हणाला. त्याने अहोजाहो सोडलं ते माझ्या लक्षात आलं. "आणि तेव्हा तो मूकनट..."

"तोही मीच."

त्याने ब्रश पेटीत टाकला, झाकण लावलं. मला वाटलं उठून जाईल, किंवा थुंकेल. त्याने माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "चाल तर. बारा वर्षं त्याला जाता-येता बघितलंय मी. चुकलास तर सांगतो."

मी चाललो. डावा, मग उजवा वळसा घेऊन. एक सायकलवाला हसला, मग त्याच्याबरोबरची दोघं. मध्यावर कुंड्यांपाशी आल्यावर मी थांबलो. डाव्या पायावर भार दिला, चेहरा केला नाही, आणि एक म्हटलं.

दोन-तीनपर्यंत कोणाला काही कळलं नाही. चारला सानाब्रिया ओरडले, "काय झालं? चला, चला पुढे!" पाचला लोक हसायला लागले, त्यांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे. फक्त चेपे हसला नाही. तो खांबापाशी उभा राहिला होता आणि त्याचे ओठ हलत होते. तोही मोजत होता.

सहाला मी मान वळवून मागे बघितलं, तू बघितलं होतंस तसं. मागे कोणी नव्हतं. नुसता पिवळा रंग मारलेला रस्ता होता, आणि तरी माझ्या पाठीला काहीतरी चिकटल्यासारखं झालं. मला निघून जावंसं वाटलं. माझा खुबा धड आहे, मी जाऊ शकत होतो.

उरलेले पाच म्हटले. दादा, ते पाच आकडे फार लांब आहेत.

एलिसेओ